पेज, कनाब, नॅचरल ब्रिजेस: घळीतला उजेड आणि अमावास्येचं आकाश

पहिला अर्ज मी जानेवारी २०२४ मध्ये केला. ॲरिझोना आणि युटाच्या सीमेवर कायोटी ब्यूट्स नॉर्थ नावाचा खडकाळ भाग आहे, त्यातली 'द वेव्ह' ही जागा बहुतेकांनी फोटोत पाहिलेली असते: लाल, केशरी, पिवळ्या रेघांचा लाटेसारखा वळलेला खडक. तिथे दिवसाला जास्तीत जास्त ६४ माणसं किंवा १६ गट सोडतात, आणि त्यासाठी सोडत निघते. मी गेली सात वर्षं फिनिक्सजवळ राहते, म्हणजे गाडीने पाच-सहा तासांवर. तरीही तिथे पोहोचायला मला नऊ महिने लागले. या काळात शिकलेलं सगळं क्रमाने लिहून ठेवते आहे, कारण मी शोधत होते तेव्हा मराठीत मला काहीच सापडलं नव्हतं.

सोडती दोन प्रकारच्या आहेत. पहिली चार महिने आधीची. जानेवारीत मे महिन्यासाठी अर्ज करायचा, तीन तारखा निवडायच्या, आणि निकाल १ फेब्रुवारीला ईमेलने येतो. अर्जाचे ९ डॉलर परत मिळत नाहीत. मी मेसाठी केला, नाही लागला. जून, जुलै, ऑगस्टला मी हातच लावला नाही. तिथे सावली नाही, पाणी नाही, आणि २०१३ च्या जुलैत एकाच महिन्यात तीन माणसं त्या वाटेवर उन्हाने गेली आहेत. मग मेमध्ये सप्टेंबरसाठी आणि जूनमध्ये ऑक्टोबरसाठी अर्ज केले. दोन्ही वेळा नकार.

ऑगस्टमध्ये बाबा मिरजेहून आले. बाबांचा स्टेशन रोडला फोटो स्टुडिओ होता, १९८१ ते २००९. पासपोर्ट फोटो, लग्नं, मुंजी, शाळेचे ग्रुप फोटो. माझं अर्धं बालपण त्या डार्करूमच्या लाल दिव्यात आणि हायपोच्या, म्हणजे फोटो पक्का करायच्या रसायनाच्या, वासात गेलं. आई दोन वर्षांपूर्वी गेली, तेव्हापासून त्यांनी कॅमेरा हातात घेतलेला नव्हता. मी सोडतीचं सांगितलं तर म्हणाले, "दुसरी सोडत आहे म्हणतेस ना? मग जाऊन बसू की तिथंच."

दुसरी सोडत रोजची. ती घरून भरता येत नाही. कनाब, पेज या गावांच्या परिसरात प्रत्यक्ष असाल, तरच फोनवरून अर्ज घेतला जातो. आज भरायचा तो परवासाठी. वेळ युटाच्या घड्याळाने सकाळी ६ ते संध्याकाळी ६, निकाल ७:१५ ला. याचेही ९ डॉलर. खातं आधीच उघडून ठेवा आणि फोनचं लोकेशन चालू ठेवा. गावात पोहोचल्यावर पासवर्ड आठवत बसायला नेटवर्क चांगलं असेलच असं नाही.

घड्याळाचा घोळ इथेच सांगते, कारण आमचा अर्ज त्यात बुडता बुडता वाचला. ॲरिझोनात उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाहीत, युटात करतात. म्हणजे मार्च ते नोव्हेंबर युटा एक तास पुढे. नवाहो लोकांची भूमी ॲरिझोनात असली तरी तिथे घड्याळ पुढे करतात. पेज गाव आणि तिथल्या अँटेलोप कॅन्यन या अरुंद घळीच्या टूर मात्र ॲरिझोनाच्या वेळेने चालतात. फोन टॉवर बदलेल तसा वेळ बदलतो. मी शेवटी हातात साधं घड्याळ बांधलं, ते ॲरिझोनाच्या वेळेवर ठेवलं आणि सगळे हिशेब त्यावरून केले.

शुक्रवारी, २७ सप्टेंबरला ऑफिस सुटल्यावर आम्ही निघालो. नवऱ्याला सुट्टी नव्हती, म्हणून बाबा आणि मी दोघेच. त्या आठवड्यात फिनिक्सचा पारा ४५ अंशांच्या आसपास होता. आपल्याकडची ऑक्टोबर हीट मला माहीत आहे, पण हे ऊन वेगळंच होतं. पेज उंचावर असल्यामुळे तिथे जरा बरं होतं.

शनिवारी पहाटे सोमवारचा अर्ज भरला आणि दुपारी अप्पर अँटेलोप कॅन्यनला गेलो. ही जागा नवाहो लोकांच्या अखत्यारीत आहे आणि त्यांच्या गाइडशिवाय आत जाता येत नाही. १२ ऑगस्ट १९९७ ला लोअर कॅन्यनमध्ये अचानक पाण्याचा लोंढा आला आणि ११ पर्यटक वाहून गेले. पाऊस पडला होता मैलोगणती दूर, घळीवर नव्हता. टूर रद्द झाली म्हणून चिडणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांना ही तारीख माहीत असावी. अप्परला नवाहो भाषेत 'त्से बिघानिलिनी' म्हणतात, म्हणजे खडकांतून पाणी वाहतं ती जागा.

टूरला दोघांचे मिळून अडीचशे डॉलरच्या वर गेले. दुपारची वेळ सगळ्यात महाग, कारण मार्चअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत त्याच वेळी वरच्या फटीतून उन्हाचे झोत खाली येतात. बॅग आणि ट्रायपॉड दोन्हींना बंदी. एक कॅमेरा, एक लेन्स, गळ्यात पट्टा, खिशात जादा बॅटरी आणि कार्ड. आत लेन्स बदलायचा विचारही करू नका. वरून सतत बारीक वाळू झिरपत असते, आणि ती सेन्सरवर बसली की सगळी सहल बसली. मी १६-३५ मिलिमीटरची, रुंद दृश्य घेणारी लेन्स लावूनच गेले.

घळीत शिरल्यावर पहिली दहा मिनिटं मी भांबावून गेले होते. पायाजवळ जवळजवळ अंधार आणि वर पंधरा-वीस हातांवर भिंत पांढरी फटक. माणसाचा डोळा दोन्ही पाहतो, कॅमेऱ्याला ते एका फोटोत जमत नाही. मी अंधार उजळायला गेले. कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर फोटोतला उजेड दाखवणारा आलेख (हिस्टोग्राम) बघत होते, उजवीकडे, म्हणजे उजेडाच्या बाजूला, थोडी जागा शिल्लक दिसत होती, म्हणून निर्धास्त होते. रात्री हॉटेलवर फाइल्स उघडल्या तेव्हा कळलं की मी तिन्ही रंगांचा एकत्रित आलेख बघत होते. केशरी खडकावर ऊन पडतं तेव्हा लाल रंग सगळ्यात आधी फुटतो, म्हणजे उजेड जास्त होऊन त्यातला तपशील जातो, हिरवा आणि निळा मर्यादेत असतात, त्यामुळे एकत्रित आलेखात ते कळतच नाही. सत्तरएक फोटोंत भिंतीचा सगळ्यात सुंदर भाग सपाट, रंगाचा गोळा झालेला. त्या रात्री फार वाईट वाटलं. तीन रंगांचे वेगळे आलेख दाखवायची सोय बहुतेक कॅमेऱ्यांत असते. ती चालू करा आणि लाल रंगाकडेच बघा.

बाबांना दाखवलं. ते बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, "आमचं उलटं होतं गं. सावलीला एक्स्पोज करायचं. निगेटिव्ह जरा जाड आली तर चालायची, पातळ आली की संपलं, सावलीत काही उरायचंच नाही." निगेटिव्ह फिल्म जास्त उजेड सोसते, कमी सोसत नाही. डिजिटल सेन्सरचं बरोबर उलटं आहे: फुटलेला पांढरा परत येत नाही, अंधारातून मात्र बरंच काही वर काढता येतं. मी डिजिटलवर शिकले, तरी हात बाबांच्या सवयीचे होते. लहानपणापासून ऐकलेलं, सावलीला सांभाळ.

चांगले आले ते फोटो टूरच्या शेवटच्या पंधरा मिनिटांतले, म्हणजे मी वर बघायचं सोडल्यानंतरचे. या घळीतला रंग हा थेट उन्हाचा नसतो. ऊन वरच्या भिंतीवर आदळतं, तिथून समोरच्या भिंतीवर, तिथून खाली. खडकात लोह आहे, त्यामुळे प्रत्येक उडीला उजेड जास्त केशरी होत जातो. जिथे हा उडालेला उजेड पोहोचत नाही, नुसतं वरचं निळं आकाश तेवढं झिरपतं, तिथे तोच खडक जांभळा दिसतो. म्हणून आकाशाची फट फोटोत घेऊ नका, ऊन थेट पडलेला भाग टाळा, आणि दुसऱ्या-तिसऱ्या उडीच्या भिंती शोधा. व्हाइट बॅलन्स ऑटोवर ठेवला तर कॅमेरा हा केशरी रंग चूक समजून धुऊन टाकतो. मी 'डेलाइट'वर ठेवला. आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) १६०० ते ३२००, एफ (लेन्सचं छिद्र) ५.६, शटर एक तीसांश सेकंद, कोपर पोटाशी घट्ट, श्वास सोडून क्लिक. झोत म्हणाल तर एक दिसला, फिकट. सप्टेंबरअखेर सूर्य तेवढा वर येत नाही. झोतांसाठीच जायचं असेल तर जून-जुलै गाठा.

संध्याकाळी कनाबला जाताना वाटेत निकाल आला. सोमवारचा नाही. कनाब युटात आहे, तिथे खोली स्वस्त मिळाली. रविवारी सकाळी मंगळवारचा अर्ज भरला आणि दिवसभर काही केलं नाही. बाबांनी लेन्स पुसल्या: आधी ब्लोअर, मग ब्रश, कापड सगळ्यात शेवटी. वाळूवरून कापड फिरवलं की काचेवर ओरखडे पडतात. रात्री ७:१५ ला फोन वाजला. लागला होता. मी ओरडलेच. बाबा उठून आत गेले आणि चुळा भरून आले. ते हेलावले की असंच करतात.

परवाना लगेच स्वीकारून माणशी ७ डॉलर भरले. सोमवारी सकाळी ८:३० ला, युटाच्या वेळेने, कनाबमध्ये सुरक्षेची माहिती घ्यायला जावं लागतं. ही हजेरी सक्तीची आहे, उशिराला माफी नाही. ही जमीन ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट या सरकारी खात्याकडे आहे. त्यांच्या माणसाने शांतपणे तासभर समजावलं: वाट आखलेली नाही, पाट्या नाहीत, फोनला रेंज नाही. खुणांचे फोटो असलेला नकाशा देतात. परवान्याचा एक भाग गाडीच्या काचेमागे ठेवायचा, दुसरा पाठपिशवीला बांधायचा. पाणी माणशी किमान ४ लिटर. बाबांचं वय बघून त्याने विचारलं, चालायची सवय आहे का. बाबा दर रविवारी दंडोबाचा डोंगर चढतात. मी तेवढंच सांगितलं, की घरामागे डोंगर आहे.

मंगळवार, १ ऑक्टोबर. वायर पासपर्यंतचा, म्हणजे चालायची वाट सुरू होते तिथपर्यंतचा, शेवटचा १३ किलोमीटर रस्ता कच्चा आहे. कोरडा असेल तर साधी गाडी जाते, ओला झाला की त्याचा चिखल फोर व्हीललाही सोडत नाही. भाड्याची गाडी असेल तर करार वाचा, बऱ्याच कंपन्या कच्च्या रस्त्याला विमा देत नाहीत. आम्ही आठ वाजता चालायला लागलो. आधी कोरड्या ओढ्यातून, मग उजवीकडे वाळूची चढण, मग उघडा खडक. समोरच्या कड्यात एक उभी काळी भेग दिसते, ती धरून चालायचं. वेव्ह तिच्या खालीच आहे. दर पाऊण तासाने मागे वळून बघा, कारण परतताना हाच खडक अनोळखी वाटतो. शेवटची वाळूची चढण आम्ही तीनदा बसून चढलो. दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि मीठ जास्त घातलेलं कोकम सरबत बरोबर होतं. नुसतं पाणी पीत राहिलं तर गळून जायला होतं.

साडेदहाला पोहोचलो तेव्हा लाटेचा अर्धा खळगा सावलीत होता आणि समोरची कड उन्हात. इतकी कडक रेघ की कोणतंही एक्स्पोजर धरा, अर्धा फोटो वाया. उजेड सौम्य हवा तर पहाटे किंवा संध्याकाळी जा, असं आपण शिकतो. इथे ते लागू नाही. खळगा खोल असल्याने सूर्य तिरका असताना सावली आत बसते. ती निघते भर मध्यान्हीला, आणि मध्यान्ह म्हणजे बारा वाजता नव्हे. ऑक्टोबरच्या सुरुवातीला युटाच्या घड्याळाने सूर्य माथ्यावर येतो तो सव्वा एकच्या सुमाराला. बारापर्यंत वाट बघून कंटाळून परत निघालेलं एक जोडपं मी पाहिलं. त्यांना थांबायला सांगितलं, ते थांबले.

आम्ही कडेला बसलो. बाबांनी तळहात उपडा करून सावली आणि ऊन यांच्या रेघेवर धरला. स्टुडिओत माणूस बसवताना ते दिव्याखाली असाच हात धरायचे. मागच्या बाजूच्या शिरा, नखं, मनगटाचं हाड, त्यावर उजेड कसा वळतो ते बघायचे, आणि मग दिवा सरकवायचे. इथे दिवा सरकवता येत नव्हता. ते हात तसाच धरून बसले आणि सावलीची रेघ हळूहळू बोटांवरून मनगटाकडे सरकत गेली. पाऊण वाजता म्हणाले, "आता बघ की."

सावली जवळजवळ गेली होती. ज्याला आपण सपाट, मेलेला उजेड म्हणतो तसा. पण वेव्हला सावलीने आकार द्यायची गरजच नाही, खडकातल्या रेघाच आकार काढतात. सुमारे १९ कोटी वर्षांपूर्वीच्या वाळवंटातल्या या टेकड्या, वाऱ्याने टाकलेला वाळूचा एकेक थर, नंतर खडकातून फिरलेल्या पाण्याने लोह हलवून केलेले रंग. सावली असते तेव्हा डोळा सावलीकडे जातो आणि हे सगळं मागे पडतं. मी कॅमेरा खाली, जमिनीपासून हातभर उंचीवर आणला, एफ ११, आयएसओ १००, लाल आलेख काठाच्या जरा आत, आणि प्रत्येक फ्रेमला दोन स्टॉप कमी-जास्त अशा आणखी दोन (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). पोलरायझर, म्हणजे लेन्सपुढचा फिरवायचा फिल्टर, अर्धाच फिरवला. खडकावरची चमक जाते आणि रंग गडद होतो. पण १६ मिलिमीटरवर पूर्ण फिरवलात तर आकाशात एका बाजूला काळसर डाग पडतो, तो नंतर काढता येत नाही. खडकाच्या पातळ कडांवर पाय देऊ नका, त्या बिस्किटासारख्या तुटतात.

अडीचला निघालो, साडेपाचला गाडीपाशी. बाबांच्या उजव्या टाचेला फोड आला होता. तो त्यांनी सांगितला गाडीत बसल्यावर.

दुसऱ्या दिवशी, बुधवारी २ ऑक्टोबरला, अमावास्या. मी ही तारीख चंद्र नको म्हणून महिन्यांपूर्वीच ठरवली होती. ती सर्वपित्री आहे हे माझ्या लक्षात नव्हतं. बाबांच्या होतं. सकाळी निघताना ते एवढंच म्हणाले, "आज पान वाढायला घरात कोणी नाही. जाऊ या."

नॅचरल ब्रिजेस नॅशनल मॉन्युमेंट युटात आहे. रात्रीचा अंधार जपल्याबद्दल 'इंटरनॅशनल डार्क स्काय पार्क' हा दर्जा मिळालेली जगातली ही पहिली जागा, २००७ मध्ये. कनाबहून दिवसभराची वाट आहे. मॉन्युमेंट व्हॅलीवरून पुढे मोकी डगवे नावाचा खडीचा घाट लागतो, कठडे नाहीत. तो उजेडात चढा, किंवा ब्लँडिंग गावाकडून डांबरी रस्त्याने या. पार्कमध्ये तंबूच्या फक्त १३ जागा आहेत आणि आधी येईल त्याला मिळतात. आम्हाला मिळाली नाही, ब्लँडिंगला पाऊण-एक तासावर खोली घेतली. प्रवेशाला माझा वर्षाचा ८० डॉलरचा पास चालला.

तिथे तीन नैसर्गिक दगडी पूल आहेत. सिपापू, काचिना, ओवाचोमो ही नावं होपी भाषेतून घेतलेली. सिपापू म्हणजे पूर्वज ज्या द्वारातून या जगात आले ते द्वार. तिथला फलक वाचून मी बाबांना सांगितलं. त्यांनी सिपापूच्या काठावर उभं राहून हात जोडले. आम्ही त्यावर काही बोललो नाही.

फोटोसाठी ओवाचोमो निवडला, कारण वाट छोटी आहे आणि बाबांची टाच दुखत होती. पुलाची लांबी १८० फूट आणि सगळ्यात पातळ जागी जाडी फक्त ९ फूट. सूर्यास्त सातच्या सुमाराला. आम्ही सहालाच खाली उतरलो, उजेडात जागा ठरवली, ट्रायपॉड दगडांमध्ये रोवला. इथे पुलावर बॅटरी मारून फोटो काढायला मनाई आहे, आणि ते योग्यच आहे, शेजारी उभ्या असलेल्या दहा जणांची रात्र त्याने जाते. म्हणून पुलाचा एक फोटो संधिप्रकाशात, साडेसातच्या आसपास घेऊन ठेवायचा आणि ट्रायपॉड न हलवता आकाशाची वाट बघायची. नंतर घरी दोन्ही जोडता येतात.

पूर्ण अंधार व्हायला साडेआठ झाले. ऑक्टोबरमध्ये आकाशगंगेचा तेजस्वी भाग नैर्ऋत्येला असतो आणि साडेदहापर्यंत मावळतो, म्हणजे हातात दीड-दोन तासच. एका ठळक ताऱ्यावर पडदा मोठा करून फोकस केला आणि रिंगवर चिकटपट्टी लावली. अंधारात हात लागून फोकस सरकला तर सगळी रात्र फुकट. १६ मिलिमीटर, एफ २.८, आयएसओ ६४००, २० सेकंद. त्याहून जास्त ठेवलं तर ताऱ्यांच्या रेघा दिसायला लागतात. कपाळावर लाल दिवा, फोन खिशात. फोनकडे एकदा पाहिलं की डोळे पुन्हा अंधाराला सरावायला वीस-पंचवीस मिनिटं जातात.

मी शटर दाबलं की बाबा अंधारात मोजायला लागायचे. एक-हजार-एक, एक-हजार-दोन. डार्करूममध्ये एन्लार्जरखाली, म्हणजे निगेटिव्ह मोठी करून कागदावर पाडणाऱ्या यंत्राखाली, कागद ठेवून ते असंच मोजायचे, आणि आई ट्रे हलवत उभी असायची. विसावर ते थांबायचे, तेव्हाच शटर मिटल्याचा आवाज यायचा. एकदाही चुकले नाहीत. साधारण चाळीस फोटो आम्ही असे काढले.

घरी आल्यावर मी आठवडाभर बसून संधिप्रकाशातला पूल आणि रात्रीचं आकाश जोडलं. पुलाचा प्रत्येक थर दिसतो, वर आकाशगंगा. लोकांना तो आवडतो. बाबांना दोन्ही दाखवले, जोडलेला आणि न जोडलेला. न जोडलेल्यात पूल निव्वळ काळा आहे, आत काहीच दिसत नाही. त्यांनी तो मागितला. १२ बाय १८ चा प्रिंट काढला, २२ डॉलर लागले, आणि जानेवारीत परत जाताना त्यांनी तो दोन पुठ्ठ्यांमध्ये घालून, वर साडीच्या घड्यांसारखा स्वेटर दुमडून, स्वतःच्या हाताने बॅगेत ठेवला.